थोरल्या हौदाचं माप

सूत रंगवण्याच्या त्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे टेपमास्तर म्हणत. पाच मीटरची पोलादी टेप त्यांच्या पॅन्टच्या उजव्या खिशात कायम असे, त्यामुळे तो खिसा नेहमी लोंबलेला दिसे. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर लोक भिंतीवरचे फोटो बघतात, टेपमास्तर कपाटं बघत. "तुमची ती मोठी बॅग या वरच्या खणात जायची नाही," असं ते कोणी न विचारता सांगत, आणि ती खरंच जात नसे. त्यांची बायको म्हणायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा यांनी आधी दाराची चौकट बघितली. मग मला."

या कारखान्यात येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली होती. चौकोनी डबे, तेलाचे, बिस्किटांचे, रंगाचे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, हजाराने भागायचं, की लिटर आले. पंधरा, वीस आणि पंचवीसचा डबा दिसला की त्यांच्या तोंडून "साडेसात" असं आपोआप निघे. नव्या माणसाला ते दोन डबे समोर ठेवून विचारत, "कुठला मोठा?" एक उभा, वीस बाय वीस बाय चाळीसचा. दुसरा बसका, तीस बाय तीस बाय वीसचा. नवा माणूस उभ्याकडे बोट दाखवी. टेपमास्तर हसत. "उभा सोळा लिटर, बसका अठरा. उंच डबा डोळ्याला फसवतो. म्हणून डोळ्याचं ऐकायचं नाही, टेपचं ऐकायचं."

त्यांच्या आयुष्यात त्यांनी ऐकलं ते टेपचंच. आणि त्याच टेपने त्यांना अशा जागी आणून सोडलं, की निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना स्वतःच्या बायकोच्या नजरेला नजर देणं त्यांना जड जाऊ लागलं.

या कारखान्यात रंगाचं पाणी तयार करण्यासाठी दोन हौद होते. हौदात पाणी काठापर्यंत भरायचं, दर लिटरला ठरलेले ग्रॅम रंग घालायचा, ढवळायचा, आणि मग ते पाणी पंपाने सूत भिजवायच्या यंत्राकडे पाठवायचं. जुना हौद पत्र्याचा होता, सहा हजार तीनशे लिटरचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या शेजारी सिमेंटचा नवा हौद बांधला. तो दिसायला चांगलाच मोठा, म्हणून कामगारांनी त्याचं नाव ठेवलं थोरला. जुना आपोआप धाकटा झाला.

थोरल्याचं माप घ्यायचं काम अर्थातच टेपमास्तरांकडे आलं. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून हौद पाण्याने भरून ठेवलेला होता आणि काठावर चहूबाजूंनी ओली पोती टाकलेली होती. मॅनेजरना तर रंगाच्या वजनांच्या तक्त्यासाठी आकडा त्याच दिवशी हवा होता. टेपमास्तरांनी बाहेरून टेप लावली. लांबी चारशे, रुंदी दोनशे, उंची शंभर. आठ हजार लिटर. डोक्यातल्या डोक्यात. इतका गोल आकडा आल्याचं त्यांना बरंही वाटलं. आठवडाभरात त्यांनी लाल ऑइलपेंटने, आपल्या वळणदार अक्षरात, हौदाच्या दर्शनी भिंतीवर लिहिलं: थोरला, ८,००० लिटर.

तेव्हा रंगखात्याचे प्रमुख होते रंगारी, आणि रंगारी म्हणजे टेपमास्तरांचे साडू. टेपमास्तरांची बायको मोठी बहीण, रंगाऱ्यांची धाकटी. रंगाऱ्यांना या कारखान्यात चिकटवलं होतं ते टेपमास्तरांनीच, आणि ही गोष्ट ते चारचौघांत वर्षातून दोनदा तरी बोलून दाखवत. रंगारी फारसे शिकलेले नव्हते. पण ओल्या सुताची लडी पिळून उजेडात धरली, की वाळल्यावर ती कुठल्या छटेला जाईल हे ते सांगत, आणि ती तिथेच जाई.

नव्या हौदातला पहिला माल एका इस्पितळाचा होता, फिक्का आकाशी. रंग लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे तक्त्याप्रमाणे सोळा किलो. माल आठ दिवसांत परत आला. सोबत चिठ्ठी होती: आम्ही आकाशी मागितला होता, तुम्ही शाई पाठवली आहे.

दुसरा मालही तसाच परत आला. तेव्हा रंगारी स्टोअरच्या खिडकीशी आले. हात कोपरापर्यंत निळे.

"साडूभाऊ, तो थोरला लहान आहे हो."

"काय आहे?"

"लहान. धाकट्यापेक्षा केसभर लहानच असेल."

खिडकीशी उभी असलेली तीन-चार माणसं फिदीफिदी हसली. टेपमास्तरांनाही हसू आवरलं नाही.

"अहो, समोर हत्तीसारखा उभा आहे. दिसत नाही का?"

"दिसतो मोठा. पण दोन्ही एकाच पंपाने उपसतो मी. धाकटा रिकामा व्हायला पाऊण तास लागतो. थोरला त्याच्या आधीच खडखडाट."

"पंप आहे तो. लहर लागली तर जास्त ओढतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, साडूभाऊ. इथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही."

"मला तुमचा गुणाकार येत नाही," रंगारी शांतपणे म्हणाले. "पण थोरल्याला साडेबारा किलो पुरतो."

त्यानंतर तीन आठवडे आकाशी रंग आकाशी आला. कोणाची तक्रार नाही. मग टेपमास्तरांच्या लक्षात आलं, की रंगारी थोरल्यासाठी स्टोअरमधून सोळा किलो नेतच नाहीत, साडेबाराच नेतात. तक्ता भिंतीवर, सही मॅनेजरची, आकडा आपला, आणि हा माणूस मनाला येईल तसं वजन करतो! त्यांना तो अपमान वाटला. त्यांनी सोळा किलो मोजून दिले आणि सोळाच्या सोळा किलो हौदात पडेपर्यंत स्वतः काठाशी उभे राहिले. माल शाईसारखा निघाला.

मॅनेजरनी दोघांना बोलावलं. "चूक कोणाची?"

टेपमास्तरांचं उत्तर तयार होतं. "आकडा माझा आहे, साहेब. हात त्यांचा."

त्या एका वाक्यावर रंगाऱ्यांचं खातं गेलं. त्यांना मागच्या अंगणात, रंगवलेलं सूत बांबूंवर वाळत घालायच्या कामावर पाठवलं. पगार तोच राहिला. पण ज्यांच्या हाताखाली बारा माणसं होती, ते आता बाराजणांबरोबर लड्या झटकू लागले. लोक त्यांना "लहान थोरला" म्हणून हाक मारत. हाक मारणाऱ्यांना त्यात काही वाईट वाटत नसे, इतकी ती सवयीची झाली.

नवा रंगारी आला. हुशार माणूस. त्याने महिनाभर थोडं थोडं कमी करून बघितलं, मग मॅनेजरना गोड बोलून थोरल्यासाठी निराळा तक्ता करून घेतला. त्यात रंग जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी होता. रंग बरोबर येऊ लागला. कोणी तरी टेपमास्तरांना विचारलं, हे कसं? टेपमास्तरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सिमेंट ऊब धरून ठेवतं. उबेत रंग जास्त चढतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढे ते सगळ्यांना खरंच वाटू लागलं. त्यांना स्वतःलाही.

इथवर झालं ते कारखान्यात झालं. पुढचं जुन्या रंगाऱ्यांच्या घरात झालं.

खातं गेल्यावर महिन्याभराने दोन्ही कुटुंबं रंगाऱ्यांकडे जेवायला बसली होती. रंगाऱ्यांची दहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात गणितं सोडवत होती. मेहुणी वाढत होती. टेपमास्तर मजेत होते. मुलीच्या वहीत डोकावून ते म्हणाले, "छान. तू तरी गुणाकार नीट शीक हो बाळ. तुझ्या बाबांना तीन आकडे गुणता आले नाहीत, म्हणून उन्हात सूत वाळवतायत."

मेहुणीच्या हातातली पळी तशीच थांबली. रंगारी खाली बघून जेवत राहिले. मुलीने वही मिटली. टेपमास्तरांच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि नंतर घरी आल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्हाला गरज होती का?"

त्या दिवसापासून मेहुणीने बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही आणि बहिणीला आपल्याकडे बोलावलं नाही. दोघी फोनवर बोलत, बाजारात भेटत, एकमेकींच्या पिशव्या धरून अर्धा अर्धा तास रस्त्यात उभ्या राहत. पण उंबरा ओलांडायचा नाही. टेपमास्तर म्हणत, "मी थट्टा केली. आता एखाद्याला खरं सोसत नाही, त्याला मी काय करू?"

नऊ वर्षं.

आणि मग एका सोमवारी पाण्याच्या नळावर मीटर बसवलं. पाणी किती लागतं ते कळावं म्हणून मालकांनी आणलं होतं, बाकी काही कारण नव्हतं. नळवाल्याने बसवून थोरला भरला आणि टेपमास्तरांना हाक मारली.

"मास्तर, सहा हजार दीडशे दाखवतंय."

"मीटर खोटं आहे."

"नवंकोरं आहे, मास्तर. आज डब्यातून काढलं."

"मग उलटं बसवलं असशील. धाकटा भर."

धाकटा भरला. सहा हजार दोनशे नव्वद. टेपमास्तर त्या काचेकडे बघतच राहिले. धाकट्याच्या अंगावर त्यांच्याच अक्षरात सहा हजार तीनशे लिहिलेलं होतं. म्हणजे मीटर धाकट्याशी खरं बोलत होतं.

"मीटर बरोबर आहे," नळवाला हात पुसत म्हणाला. "तुमचा थोरलाच कमी पितो. वय झालं असेल."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मंगळवारी थोरला धुण्यासाठी रिकामा केलेला होता. मधल्या सुट्टीत रंगखात्यात कोणी नाही असं बघून टेपमास्तर स्टूल लावून हौदात उतरले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदाच.

आत निळसर ओल होती. त्यांनी टेप लावली. लांबी तीनशे ऐंशी. त्यांनी पुन्हा लावली. तीनशे ऐंशीच. रुंदी एकशे ऐंशी. उंची नव्वद. भिंती दहा सेंटिमीटरच्या, तळही दहाचा. पत्र्याच्या डब्याला बाहेरून मोजलं काय आणि आतून मोजलं काय, सारखंच. पत्र्याला जाडी अशी ती किती! अकरा वर्षांच्या त्या सवयीने त्यांनी सिमेंटचा हौद डब्यासारखा मोजला होता. जी जागा भिंतीने खाल्ली होती, तीही त्यांनी पाण्यात धरली होती.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढून तिथेच भिंतीवर मांडलं. तीनशे ऐंशी गुणिले एकशे ऐंशी, अडुसष्ट हजार चारशे. गुणिले नव्वद, एकसष्ट लाख छप्पन्न हजार. भागिले हजार. सहा हजार एकशे छप्पन्न लिटर.

धाकटा सहा हजार तीनशे. थोरला सहा हजार एकशे छप्पन्न.

थोरला लहान होता. केसभर लहान. अगदी रंगाऱ्यांनी सांगितला होता तेवढाच.

पंजाएवढ्या भिंतीने आठ हजारांतले अठराशे चव्वेचाळीस लिटर गिळले होते, हे आकड्यांत मांडल्याशिवाय त्यांनाही खरं वाटलं नसतं. सोळा किलो रंग एवढ्या पाण्यात घातला तर लिटरला दोनऐवजी दोन पूर्णांक सहा ग्रॅम. आकाशीची शाई होणार नाही तर काय? साडेबारा किलो. बरोबर उत्तर बारा किलो तीनशे ग्रॅम. डोळ्याने, पंपाच्या आवाजाने, निळ्या हाताने त्या माणसाने उत्तर काढलं होतं आणि त्यात फक्त दोनशे ग्रॅमचा फरक होता. आपण टेपने काढलं आणि पावणेचार किलो चुकलो.

ते तळाशी बसून राहिले. उठले तेव्हा हौदाचा काठ नजरेसमोर आला, दहा सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत. त्या काठावर त्यांच्या चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला होता. नऊ वर्षं ते रोज साडेदहाला रंगखात्यात येऊन त्या काठावर कप ठेवून चहा पीत होते. कप तिथे मावतो, घसरत नाही, याचं कारण त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसंही नव्हे. वळसाही त्यांनी घातला नव्हता.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ते घाईने काठ ओलांडून बाहेर आले. कोणी बघितलं नाही ना, हाच पहिला विचार मनात आला आणि त्या विचाराचीही त्यांना लाज वाटली.

दुपारी ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजरनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"अहो मास्तर, नऊ वर्षं झाली. थोरल्याचा तक्ता वेगळा आहेच, काम चालू आहे. आता हे उकरून काय मिळणार? नवा आकडा रंगवून टाका. कोण बघतंय?"

"आणि रंगारी?"

"शनिवारी निवृत्त होतायत ते. शेवटचे चार दिवस कशाला मनस्ताप त्यांना?"

मनस्ताप त्यांना होणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. पण टेपमास्तरांनी तो सल्ला घेतला, कारण तो सोपा होता. बुधवारी कामाची वेळ सुरू व्हायच्या तासभर आधी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. आठ हजारावर पांढरा पट्टा मारला, तो सुकल्यावर लाल रंगात लिहिलं: ६,१५६. सहाच्या पोटात रंग ओघळला. पुसून घेतला. मग स्टोअरमध्ये जाऊन ते खुर्चीत बसले, जणू रोजच्या वेळेलाच आले होते.

कामगार आले. पहिल्याने बघितलं आणि तो ओरडला, "अरे, थोरला आटला!"

"उन्हाने आटला असेल."

"नाही रे, कपडे धुतल्यावर अंगाला घट्ट होतात ना, तसं झालं. नऊ वर्षं रोज धुतोय आपण."

हसणं स्टोअरपर्यंत येत होतं. कोणी तरी अंगणात जाऊन बातमी दिली असावी, कारण थोड्या वेळाने रंगारी आले. खांद्यावर पिवळ्या सुताच्या दोन लड्या. ते थोरल्यासमोर उभे राहिले. त्यांनी आकडा वाचला. मग धाकट्यावरचा आकडा वाचला. पुन्हा थोरल्याचा. रंगाऱ्यांनी मान वळवून स्टोअरच्या खिडकीकडे बघितलं.

टेपमास्तर खिडकीतच होते. त्यांनी नजर खाली घातली आणि समोरचं पेन उगाच सरळ ठेवलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा रंगारी पाठमोरे चालत अंगणाकडे निघाले होते. दोन शब्द जरी फेकून मारले असते, तरी टेपमास्तरांना ते झेलता आले असते. ते तर लड्या वाळत घालायला गेले.

तोंडात मारल्यासारखे टेपमास्तर दिवसभर बसून होते. चूक करताना आपण चारचौघांत उभे होतो आणि दुरुस्ती करायला चोरासारखे पहाटे आलो. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. सांगून झालं तरी तिचे हात चालूच राहिले.

"म्हणजे तो खरं बोलत होता," ती अखेर म्हणाली.

"हो."

"तेव्हापासून."

"हो."

"आणि माझी बहीण आणि मी रस्त्यात उभं राहून बोलतो. पायांत गोळे येईस्तोवर." तिने निवडलेली भाजी आणि देठं एकाच टोपलीत टाकली, मग परत वेगळी करू लागली. "मला आता काही बोलू नका."

गुरुवारी साडेदहाला टेपमास्तरांनी आपला कप उचलला, पण ते रंगखात्यात गेले नाहीत. मागच्या अंगणात गेले. वाळवणीची माणसं चहा घेत बसली होती. रंगारी बांबूला टेकून उभे होते. ऊन डोक्यावर येऊ लागलं होतं. टेपमास्तरांनी मनात वाक्य जुळवून आणलं होतं, ते तोंडाशी येईपर्यंत विस्कटलं.

"सगळ्यांनी जरा ऐका," ते म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला. "थोरला हौद मी बाहेरून मोजला होता. आतून मोजायला पाहिजे होता. तो धाकट्यापेक्षा लहान आहे. यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी हसलो. मग साहेबांपुढे म्हणालो, की चूक यांच्या हाताची आहे. ती माझ्या टेपची होती. टेपची पण नाही, माझी. यांना या उन्हात मी आणलं."

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या कामगाराने बिडी विझवली. "म्हणजे 'लहान थोरला' म्हणून आम्ही उगाचच..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

रंगाऱ्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि तळ झटकला.

"झालं सांगून?"

"हो."

"इथे सांगितलंत, बरं केलंत. शनिवारी जाताना मला जरा बरं वाटेल." ते टेपमास्तरांच्या जवळ आले आणि आवाज खाली आणला. "पण साडूभाऊ, माझं मन इथे नव्हतं दुखलं. इथे मला ठाऊक होतं की मी बरोबर आहे. रोज थोरला उपसताना पंपाचा आवाज अंगणापर्यंत यायचा, तो मला सांगायचा. तुम्ही बोललात ते माझ्या घरात. माझ्या पोरीच्या वहीवर वाकून. तिला कुठला पंप सांगणार होता?"

टेपमास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तिने काही विचारलं होतं का तुम्हाला?"

"त्याच रात्री विचारलं, बाबा, तुम्हाला खरंच येत नाही? मी म्हटलं, नाही येत. खरंच येत नाही ना मला." रंगारी लडी उचलत म्हणाले, "माझ्या घरी येऊन सांगा. आजच या. ती साडेपाचला कॉलेजातून येते."

संध्याकाळी टेपमास्तर घरी आले तेव्हा बायको साडी बदलून तयार बसली होती. तिला बहिणीचा फोन आला होता. दोघं चालत निघाले. दोन गल्ल्या आणि एक चढ, दहा मिनिटांचा रस्ता. नऊ वर्षांत त्यांनी तो कधी धरला नव्हता. चढावर बायको पुढे झाली.

दार मुलीने उघडलं. टेपमास्तरांच्या आठवणीत ती दहा वर्षांची, कोपऱ्यात मांडी घालून बसलेली होती. ही त्यांच्याएवढी उंच होती. खांद्याला अजून बॅग.

"मावशी!" म्हणत तिने मावशीला मिठी मारली. मग त्यांच्याकडे बघून, थोडं थांबून, "या, काका."

आत तीच खोली होती. मेहुणी स्वयंपाकघराच्या दाराशी आली, बहिणीला बघून तिचे ओठ हलले, पण टेपमास्तरांना बघताच ती मागे वळून आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला. बायको तिच्या मागोमाग गेली. रंगारी खाटेवर बसले होते. त्यांनी खुर्ची दाखवली. टेपमास्तर बसले नाहीत.

"बाळ," ते मुलीला म्हणाले आणि मग सावरून, "तू आता बाळ राहिली नाहीस. मी एकदा तुझ्या वहीत बघून काही बोललो होतो. तुला आठवतं का?"

"आठवतं," ती म्हणाली. तिने बॅग खाली ठेवली नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. पत्र्याचे डबे, ओली पोती, बाहेरून लावलेली टेप. आठ हजार आणि सहा हजार एकशे छप्पन्न. साडेबारा किलो. पंप. साहेबांपुढचं वाक्य, जसंच्या तसं. सिमेंटच्या उबेची थाप. पहाटे चोरून लावलेला रंगसुद्धा. सांगताना मध्येच एकदा त्यांचा हात सवयीने खिशातल्या टेपवर गेला आणि त्यांनी तो काढून घेतला. "तुझ्या बाबांना तीन आकडे गुणता येत नाहीत असं मी म्हणालो. मला येत होते. पण गुणायचे कुठले, ते त्यांना कळलं होतं, मला नाही. मी तुझ्यापुढे तुझ्या बापाला कमी केलं. त्याबद्दल मी..." पुढचा शब्द त्यांना आयुष्यात फार वेळा लागला नव्हता. "मला माफ कर."

मुलगी वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही मला म्हणालात की खरंच येत नाही."

"गुणाकार नाहीच येत, बाई," रंगारी म्हणाले. "तू तेवढंच विचारलं होतंस."

तिच्या तोंडावर हसू येतं न येतं तोच डोळे भरले. ती वडिलांच्या शेजारी खाटेवर बसली, बॅगेसकट.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हा थांबला होता, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मेहुणी दारात उभी होती. पदराला हात पुसत होती, हात कोरडे होते तरी.

"मी आत होते," ती म्हणाली. "भांड्यांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

तिच्या मागे टेपमास्तरांची बायको उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. मेहुणीला सगळं ऐकू आलं होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. टेपमास्तरांनाही.

"थोरला हौद," ते म्हणाले, "मी बाहेरून मोजला होता." आणि पहिल्यापासून, एकही आकडा न गाळता, ते पुन्हा सांगू लागले.